‘अक्षरं मोठी दिसतात ना, मॅडम?’

माझ्याकडे २००४ सालचा थिंकपॅड टी४२ लॅपटॉप आहे. हे धूड अजून कशाला, असं घरचे विचारतात. मी डीटीपी करते, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावते. जुन्या दिवाळी अंकांच्या पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधल्या फायली, युनिकोडच्या आधीचे फाँट आणि पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेला) लावायचं, ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ते लॉक, हे सगळं या एकाच यंत्रावर चालतं. शिवाय त्याचा स्क्रीन! १५ इंची, १४०० बाय १०५० पिक्सेलचा आयपीएस पॅनल. समोरासमोरची दोन पानं एकदम वाचता यायची आणि कुठल्याही बाजूने बघितलं तरी रंग फिरायचे नाहीत.

एके दिवशी स्क्रीनवर उभ्या पट्ट्या आल्या आणि यंत्र हँग व्हायला लागलं. यात चूक माझीच. उघडा लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलायची वाईट सवय. त्याने आतला मदरबोर्ड वाकतो आणि ग्राफिक्स चिपखालचे सोल्डरचे बारीक गोळे तडकतात.

पुण्यात पेठेतल्या एका दुकानदाराने बघितल्या बघितल्या सांगितलं, “रिबॉलिंग करावं लागेल. साडेचार हजार.” दीड हजार ॲडव्हान्स दिला. हार्ड डिस्क एका स्क्रूवर निघते, ती तेवढी काढून घेतली. माझ्या हातून झालेली शहाणपणाची ती एकच गोष्ट. पावती मागितली, तर म्हणाला, “बिल केलं तर जीएसटी पडेल, मॅडम. आपण काय पळून चाललोय का?” मी हसले. तीन आठवडे “परवा या” चाललं. मधेच “चिप दिल्लीला, नेहरू प्लेसहून मागवलीय” असंही झालं. रिबॉलिंगला नवी चिप लागत नाही, जुनीच काढून तिच्याखाली नवे गोळे बसवतात, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर!

शेवटी यंत्र मिळालं. तिथेच डिस्क बसवली, विंडोज एक्सपी उघडलं. मी आनंदाने म्हटलं, “अक्षरं मोठी दिसतात की हो!” तो म्हणाला, “दिसतात ना, मॅडम? सेटिंग करून दिलंय, डोळ्यांना त्रास नको.” मी त्याला धन्यवाद दिले. वर उरलेले तीन हजारही.

घरी पेजमेकर उघडलं, तर दोन पानं मावेनात. डिस्प्लेच्या सेटिंगमधली पट्टी उजवीकडे सरकवली, ती १०२४ बाय ७६८ च्या पुढे जाईना. जरा खाली वाकून बघितलं, तर रंग उलटे. साधा, स्वस्तातला टीएन पॅनल! पिक्सेल कमी, म्हणून अक्षरं मोठी. माझा काढून घेऊन त्याने भंगारातला बसवला होता, आणि मी त्याचे आभार मानून आले होते.

दुसऱ्या दिवशी गेले. “पहिल्यापासून असाच होता.” डिस्कवर जुने स्क्रीनशॉट होते, सगळे १४०० बाय १०५० चे. ते दाखवल्यावर म्हणाला, “कुठल्याही मशीनचे असतील.” घरी येऊन ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन लावला, पण हातात ना पावती, ना पॅनलच्या मागच्या स्टिकरचा फोटो. बोलणार कशावर?

अठराव्या दिवशी पट्ट्या परत आल्या. ओळखीच्या एका तंत्रज्ञाने यंत्र उघडलं. चिपशेजारच्या कनेक्टरचं प्लास्टिक वितळलेलं, आजूबाजूला जळकट डाग. रिबॉलिंग झालंच नव्हतं. हीट गनने नुसती गरम हवा मारली होती. त्याने तडकलेले गोळे काही दिवस पुन्हा टेकतात आणि यंत्र चालू होतं. तेवढ्यात पैसे घेऊन मोकळं व्हायचं.

तुमच्याकडे असं जुनं यंत्र असेल, तर देण्याआधी स्क्रीनचं कमाल रिझोल्यूशन आणि रॅम लिहून ठेवा. सिरियल नंबर टाकलेली पोच घ्या, मग जीएसटी पडू दे. रिबॉलिंगचं मशीन दुकानात आहे का, ते दाखवा म्हणा. “काम बाहेर पाठवतो” म्हणाला, तर बाहेर म्हणजे कुठे, ते विचारा. बहुतेक वेळा तिथेच गप्प बसतात. जुने पॅनल आता सहज मिळत नाहीत, म्हणून तर त्यांच्यावर डोळा असतो.

डिस्क ४४ पिनच्या ॲडॅप्टरने नव्या संगणकाला जोडली. फायली सगळ्या शाबूत आहेत. लॉक लावायला मात्र त्याला पॅरलल पोर्टच नाही. त्यामुळे टी४२ चा चालू बोर्ड शोधतेय. पॅनल मिळाला तर तोही.