अ‍ॅड-ऑन चढवायचं: हेल्म की कस्टमाइझ?
कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणारी यंत्रणा) अ‍ॅड-ऑन (जादा सुविधा) चढवायचं तर हेल्म हे पॅकेज-साधन सोयीचं. सगळं यामल (सेटिंगच्या फाइल्स) एका चार्टमध्ये, म्हणजे हेल्मच्या पॅकेजमध्ये, बांधलेलं, बिघडलंच तर मागच्या आवृत्तीवर नेणारं ‘हेल्म रोलबॅक’ हाताशी. २०१९ मध्ये हेल्म ३ आलं आणि क्लस्टरमध्ये ठाण मांडून बसणारा हेल्मचा सर्व्हर, टिलर, गेला, हे फार बरं झालं. पण मेख सीआरडीत, म्हणजे कुबरनेटिसला नव्या प्रकारचे ऑब्जेक्ट शिकवणाऱ्या व्याख्यांत, आहे. चार्टच्या ‘सीआरडीज’ फोल्डरमधल्या व्याख्या पहिल्या इन्स्टॉललाच लागतात, अपग्रेड त्यांना हात लावत नाही. मग कंट्रोलर (त्या ऑब्जेक्टवर काम करणारा प्रोग्रॅम) नवा, व्याख्या जुनी, आणि नवं फील्ड क्लस्टरच्या विनंत्या घेणाऱ्या एपीआय सर्व्हरच्या ओळखीचंच नसतं! अपग्रेडआधी सीआरडी हातानं लावाच.

कस्टमाइझमध्ये टेम्प्लेट नाही, मूळ यामलवर पॅच (वरून केलेले बदल). कुबसीटीएल या कुबरनेटिसच्या कमांड-साधनात १.१४ पासून आहेच. सीआरडीही बाकी फाइल्ससारख्याच लागतात. रिलीजचा इतिहास मात्र गिटमध्येच (फाइल्सच्या आवृत्त्या जपणारं साधन) ठेवावा लागतो. घरच्या कंट्रोलरला मी हेच वापरते. बाहेर वाटायचं असेल तर चार्ट.