सरकारी जमिनीवरची देवराई: सामूहिक वनहक्क, वारसा स्थळ की संवर्धन राखीव?

देवराई कितीही जुनी असो, सातबाऱ्यावर पुष्कळ ठिकाणी 'महाराष्ट्र शासन' किंवा राखीव वन अशीच नोंद निघते. म्हणून ठराव करण्याआधी सातबारा, त्यातला इतर हक्कांचा रकाना आणि गावनकाशा काढून घ्या. वन्यजीव कायद्यातलं 'समुदाय राखीव' सामुदायिक किंवा खासगी जमिनीपुरतंच आहे, त्यामुळे सरकारी जमिनीसाठी ते बाद होतं. उरतात तीन मार्ग.

सामूहिक वनहक्क (वनहक्क कायदा, २००६). वनजमीन राखण्याचा आणि तिच्या व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेकडे येतो, हे याचं मोठं बळ. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर असा हक्क मिळाला. ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते, त्यात किमान एक तृतीयांश महिला हव्यात. समिती हद्द फिरून नकाशा करते. ग्रामसभेच्या मंजुरीनंतर दावा उपविभागीय आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जातो. पवित्र झाडं, राया आणि तळी यांना नियमांनीच पुरावा मानलं आहे, म्हणजे देवराई स्वतःच तुमच्या बाजूने साक्ष देते.

दावा अडकतो तो बहुधा गणपूर्तीवर. सभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. बिगर-आदिवासींना १३ डिसेंबर २००५ आधीचं ७५ वर्षांचं वास्तव्यही दाखवावं लागतं. कोकणातल्या गावांना हे जड जातं. जुने महसुली कागद आणि ज्येष्ठांचे लेखी जबाब आधीच जमवा.

जैवविविधता वारसा स्थळ (जैवविविधता कायदा, २००२, कलम ३७). स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढतं. लहान राईला हे उत्तम बसतं: दोडामार्ग तालुक्यातली बांबर्डे-हेवाळेची जायफळवर्गीय झाडांची दलदल जेमतेम २.५९ हेक्टर, तरी २०२१ मध्ये घोषित झाली. गडचिरोलीतलं आलापल्लीचं जुनं वन सुमारे ६ हेक्टर. नुसतं 'खूप जुनी झाडं' लिहून प्रस्ताव उभा राहत नाही. जातींची यादी, १.३७ मीटर उंचीवर मोजलेला खोडांचा घेर, झरे आणि हद्दीचे जीपीएस बिंदू जोडा. लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांविषयीच्या माहितीची नोंदवही) राईची नोंद आधी हवी. उणीव एकच, पण मोठी: व्यवस्थापनाचा कायदेशीर हक्क यातून गावाला मिळत नाही.

संवर्धन राखीव (वन्यजीव कायदा, कलम ३६अ). हे अभयारण्यालगतच्या किंवा त्यांना जोडणाऱ्या मोठ्या सरकारी पट्ट्यांसाठी आहे. तिलारी संवर्धन राखीवाचं क्षेत्र २९ चौरस किलोमीटरांहून जास्त आहे. सुट्या राईसाठी यामागे लागू नका.

वनजमीन असेल आणि वास्तव्याचा पुरावा जमत असेल, तर आमचा कौल आधी वनहक्क, मग राईच्या गाभ्यासाठी वारसा स्थळ. पुरावा जमत नसेल, तर थेट वारसा स्थळाचा प्रस्ताव करा.

मार्ग कुठलाही घ्या, धोका आतूनही असतो. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली रस्ता, समाजमंदिर अशा सोयींसाठी प्रत्येक वेळी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडं ग्रामसभेच्या शिफारशीने जाऊ शकतात. दीड हेक्टरची राई अशा दोन वेळांतच संपू शकते! तेव्हा अशी शिफारस राईसाठी कधीच करायची नाही, हा ठराव आजच इतिवृत्तात घ्या. व्यवस्थापन आराखड्यात देवळाच्या जीर्णोद्धाराची हद्द जुन्या जोत्यापुरती ठेवा. पालापाचोळा आणि पडलेली लाकडं हलवायची नाहीत, कारण ओल आणि रोपं त्यावरच टिकतात. गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावायची नाही. जाळरेषा (वणवा अडवणारा मोकळा पट्टा) राईच्या बाहेरून काढा आणि ती वणव्याच्या मोसमाआधी साफ करा.