दोर भरलेला रील आणि रिकामा खिसा: स्ट्राइप्ड बासच्या ट्रोलिंग सेटमधली फसवाफसवी

एप्रिल लागला की न्यू जर्सीच्या रॅरिटन बेमध्ये मेनहेडन (यालाच बंकर म्हणतात) या छोट्या माशांच्या मागावर स्ट्राइप्ड बास हा मासा येतो आणि वापरलेल्या ट्रोलिंग सेटच्या, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढायच्या रॉड-रीलच्या, जाहिरातींनाही तेव्हाच ऊत येतो. मजकूर ठरलेला असतो: ४ रॉड, ४ रील, सगळ्यांवर दोर भरलेला, घ्या आणि थेट बोटीवर लावा, ६०० डॉलर. एवढ्या पैशांत नवे घ्यायचे तर जेमतेम दोन सेट बसतात, त्यामुळे माणूस फार चौकशी करत नाही. भेट पार्किंग लॉटमध्ये, पैसे झेल (Zelle) या बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सेवेने, आणि दुसऱ्या दिवसापासून विकणाऱ्याचा फोन लागत नाही.

ज्या व्यवहारावरून हे लिहायला घेतलं, त्यात दोन रीलवर लेडकोर, म्हणजे आत शिसं असलेला दोर होता आणि दोनवर धातूची तार. बाहेरून चकाचक, दोर कोरा. आतला हिशेब असा निघाला: लेडकोर १० रंगांचा (एक रंग म्हणजे ३० फूट) सांगितलेला, भरला ५ रंगांचा. तार ३०० फूट सांगितलेली, मोजली तर १७० फूट. दोन रॉडच्या टोकाच्या गाइडला (दोर ओवायच्या कडीला) खाच, आणि एका रीलचा ड्रॅग (दोर सुटताना लागणारा ब्रेक) आतून चिकटलेला. यातलं काहीही जागेवर उभं राहून दहा मिनिटांत कळण्यासारखं होतं. वरून कीर्तन आतून तमाशा असलेला हा माल तेवढ्यासाठीच दोर भरून विकतात, कारण भरलेल्या स्पूलवर (दोर गुंडाळायच्या चाकावर) फक्त वरचा थर दिसतो.

लेडकोरमध्ये लबाडी सगळ्यात सोपी. विणलेल्या वेष्टणात शिशाची बारीक तार असते आणि दर १० यार्डांना, म्हणजे ३० फुटांना, वेष्टणाचा रंग बदलतो. सावकाश ट्रोलिंगमध्ये एका रंगामागे ढोबळमानाने ५ फूट खोली मिळते, बोटीचा वेग वाढला की कमी. ट्यूब, म्हणजे रबरी नळीचं आमिष, किडा लावून ओढायची तर ती तळापासून दोन-चार फुटांवर राहिली पाहिजे. ४० फूट पाण्यात तुम्ही समजता ८ रंग सोडले, ट्यूब तळाजवळ असेल. प्रत्यक्षात ५ रंग संपून पुढे नुसता डेक्रॉन, म्हणजे तळाशी भरलेला बिनशिशाचा दोर, सुटतोय आणि ट्यूब २५ फुटांवर तरंगतेय. मग माणूस ट्यूब बदलतो, वेग बदलतो, जागा बदलतो; स्पूलखाली काय आहे ते बघत नाही. विकत घेताना रंग मोजायचेच. सगळा दोर ओढून दुसऱ्या रिकाम्या स्पूलवर घ्या. विकणारा “उगाच गुंता होईल” म्हणाला, तर तिथेच नमस्कार करून निघा. एका टोकाचं वेष्टण नखाने मागे सारून आतली शिशाची तार बघा. ती वाकवली तर वाकलेलीच राहते. तुकडे पडलेले दिसले तर तो दोर जुना आहे. तळाचा डेक्रॉन जुनाट असतो, म्हणून हाताला कापड गुंडाळून त्याला जोरात हिसका द्या. कुजलेला असेल तर तिथेच तुटेल. मासा लागल्यावर तुटला तर अख्खा लेडकोर माशाबरोबर जातो.

तारेचं गणित वेगळं. मोनेल (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) असो की स्टेनलेस, बंकर स्पून (चमच्यासारखं मोठं धातूचं आमिष) किंवा अंब्रेला रिग (छत्रीच्या काड्यांसारखी, अनेक आमिषं लावलेली चौकट) ओढताना १०० फूट तारेला सुमारे १० फूट खोली असा अंदाज धरतात. म्हणून तारेवर ठरावीक अंतरावर टेपच्या खुणा असतात, आणि फसवणारे नेमक्या याच खुणा फसव्या बांधतात. १०० फुटांची म्हणून दाखवलेली खूण ५७ फुटांवर निघाली, की ३०० फूट तीन खुणांत ‘पूर्ण’ होते. मोजताना दोघं जण लागतात. तार ताणात ठेवा आणि जमिनीवर सैल सोडू नका. स्टेनलेस स्प्रिंगसारखं उसळून वेटोळी पाडतं, वेटोळ्यावर ओढ आली की मुरड बसते, आणि मुरड बसली की तार तिथून तुटणार म्हणजे तुटणारच. ती सरळ करून चालत नाही, तेवढा तुकडा कापून टाकावा लागतो. विकणाऱ्याने असे तुकडे कापत कापतच ३०० ची १७० केलेली असते, हेही शक्य आहे. पण मग भाव ३०० चा का?

आता गाइड. तार साध्या गाइडला करवतीसारखी कापते. तिच्यासाठी टंग्स्टन कार्बाइडच्या कड्यांचे किंवा रोलर गाइडचे रॉड असतात. मोनो (एकपदरी नायलॉन) किंवा ब्रेड (विणलेला दोर) यांच्यासाठी बनवलेल्या रॉडवर ‘वायरलाइन’चं स्टिकर चिकटवून विकणं हा जुना धंदा आहे. अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या कडीत एका हंगामात खाच पडू शकते, आणि त्या खाचेत नंतर ब्रेड घातला तर तोही कापला जातो. सगळ्यात जास्त घर्षण टोकाच्या कडीवर होतं. कान साफ करायची कापसाची काडी कडीच्या आत, मासा ओढतो त्या खालच्या बाजूने, हलकेच गोल फिरवा. कापसाचे तंतू अडकले की खाच आहे. डोळ्याला न दिसणारी खाच काडीला सापडते. रोलर असतील तर प्रत्येक रोलर नखाने फिरवून बघा. मीठ बसून जाम झालेला रोलर साध्या कडीपेक्षाही वाईट.

रॉडच्या लांबीतही गल्लत करून विकतात. चेसापीक बेमध्ये जड मोजो (शिशाच्या डोक्याचं आमिष) ओढायचे रॉड साडेसहा-सात फुटांचे आणि ताठ असतात. बंकर स्पूनला ९ ते १० फुटांचा, मऊ टोकाचा फायबरग्लास रॉड लागतो, कारण स्पून नीट चालतोय की त्याला गवत अडकलंय हे त्या टोकाच्या लयबद्ध ठोक्यांवरूनच कळतं. ताठ रॉडवर ठोके दिसत नाहीत. शिवाय तार जवळजवळ ताणली जात नाही आणि बोट पुढे चालूच असते, त्यामुळे मासा लागल्याचा हिसका रॉडने झेलला नाही तर ओठातून गळ निसटतो. ‘दोन्हीला चालतो’ म्हणून मिळणारा ताठ ग्राफाइट रॉड इथे घेऊ नये.

रील बघायचा तर आधी रॉडवरून काढा. विकणारे सेट जोडूनच दाखवतात, आणि खरी हालत रीलच्या पायाखाली लपलेली असते: पांढरी भुकटी, हिरवट थर, फुगून सुटलेलं क्रोम. तारेच्या रीलचा स्पूल धातूचाच हवा; ताणात भरलेल्या दोराने प्लास्टिकच्या स्पूलच्या कडा फाकतात. दोर आडवा पसरवणारी लेव्हलवाइंडची यंत्रणा लेडकोरला चालते, तारेला नको. क्लिकर (दोर सुटताना आवाज करणारी कळ) लावून दोर हाताने ओढा. आवाज खणखणीत यायला हवा, कारण रॉड होल्डरमध्ये असताना मासा लागल्याची वर्दी तोच देतो.

ड्रॅगसाठी खिशात स्प्रिंगचा काटा न्या. ४० पौंडांच्या दोरावर ड्रॅग पाव ते एक तृतीयांश, म्हणजे १० ते १३ पौंडांवर लावतात, तोही रॉडच्या टोकातून दोर ओढून मोजलेला. काटा १० वर असताना दोर सलग सुटला पाहिजे. आधी १६ पर्यंत चढून मग धाडकन ८ वर आला, तर ड्रॅगमधले वॉशर चिकटलेले आहेत. वर्षानुवर्षं ड्रॅग घट्ट आवळून ठेवला की असं होतं. वॉशर बदलणं स्वस्त आहे, पण तेवढे पैसे भावातून कापून घ्या. बिननावाच्या नव्या रीलवर ‘कमाल ड्रॅग ३० किलो’ छापलेलं दिसलं तर हसून सोडून द्या. ४० पौंडी दोर १८ किलोलाच तुटतो.

दोर मोजणाऱ्या काउंटरच्या रीलमध्ये आणखी एक मेख. काउंटर फूट मोजत नाही, स्पूलचे फेरे मोजतो. स्पूल अर्धाच भरला असेल तर प्रत्येक फेऱ्याला दोर कमी सुटतो आणि आकडा फुगतो. कमी दोर भरून विकलेला काउंटर रील म्हणूनच रोज खोटं बोलतो.

‘५० पौंडी माशाला पुरेल असा सेट’ ही जाहिरात तर आता निव्वळ आमिष आहे. अटलांटिक स्टेट्स मरीन फिशरीज कमिशनच्या नियमांनुसार २०२३ पासून समुद्रकिनाऱ्याच्या हौशी मासेमारीत २८ ते ३१ इंचांमधलाच मासा ठेवता येतो, दिवसाला एक. असा मासा १० ते १३ पौंडांच्या आसपास भरतो. मोठा लागला तर पटकन बोटीजवळ आणून सोडायचा असतो. त्यासाठी मजबूत सेट हवा हे खरं, पण ट्यूनाचा नको.

नव्या मालाच्या ‘८० टक्के सूट’वाल्या वेबसाइटबद्दल थोडक्यात. नामांकित रीलचे फोटो, पत्ता नाही, फोन नाही. डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअपवर डोमेन कधी नोंदला ते दिसतं, आणि तो बऱ्याचदा काही आठवड्यांपूर्वीचा निघतो.

पैसे देताना झेल नको आणि पेपालचा ‘मित्र आणि कुटुंब’ पर्यायही नको. त्यात खरेदीचं संरक्षण नसतं. ऑनलाइन खरेदी क्रेडिट कार्डावर असेल आणि माल आलाच नाही किंवा भलताच आला, तर पहिलं बिल निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत बँकेला लेखी हरकत द्या. नुसत्या फोनवर विसंबू नका. तक्रार फेडरल ट्रेड कमिशनच्या फसवणूक नोंदणीवर आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे करा, सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडा. हा स्क्रीनशॉट सौदा ठरवतानाच काढून ठेवावा लागतो, कारण पैसे पोचले की जाहिरात काढून टाकलेली असते.