गॉस्पेल लायब्ररी ॲप: सोय भरपूर, पण जोसेफ स्मिथला वगळलं तर उरतं काय?

माझी भाची हिंजवडीत नोकरी करते. तिच्या टीममधला एक मुलगा अमेरिकेत प्रोजेक्टवर असताना मॉर्मन झाला, म्हणजे जोसेफ स्मिथने अमेरिकेत स्थापलेल्या पंथात गेला. मुलगा गुणी आहे, दारू-सिगारेट सोडाच, चहासुद्धा घेत नाही. त्याने तिला त्यांच्या चर्चचं हे ॲप सुचवलं आणि तिने मला विचारलं, "मावशी, हे पण ख्रिस्तीच ना? यात बायबल आहे, येशूची चित्रं आहेत." मी कॅम्पातल्या आमच्या मंडळीत मोठ्या मुलांचं संडे स्कूल घेते. हाच प्रश्न उद्या ती मुलंही विचारणार, म्हणून ॲप फोनवर घेतलं आणि नीट वाचून काढलं.

आधी सोयीचं सांगते, कारण ते मनापासून चांगलं आहे. ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत, वाचायला लॉगिन लागत नाही. एकदा डाउनलोड केलं की पीएमपीच्या बसमध्ये नेट गेलं तरी वाचता येतं. ओळी रंगवता येतात, टिपणं ठेवता येतात, अध्याय ऐकता येतात. अक्षर मोठं करण्याची सोय माझ्या वयाच्या वाचकाला फार उपयोगी. मॉर्मनचं पुस्तक हिंदीतही मिळतं. आपल्या मराठी मंडळ्यांनी एवढ्या निगुतीने ॲप केलं तर मी गल्लोगल्ली सांगत फिरेन.

आता आतला माल. नवं बायबल हाती आलं की मी पहिल्यांदा योहानकृत शुभवर्तमान उघडते. इथे किंग जेम्सचं इंग्रजी भाषांतर आहे. पहिलं वचन आपल्याला पाठ असतं तेच: प्रारंभी शब्द होता, आणि शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता. पण वचनातल्या बारीक अक्षरावर बोट ठेवलं की खाली टीप उघडते, आणि ती जोसेफ स्मिथने केलेल्या पाठाकडे नेते. त्या पाठात प्रारंभी पुत्राद्वारे सुवार्ता गाजवली गेली असं आहे, आणि 'शब्द देव होता' याच्या जागी पुत्र देवाचा होता असं आहे. या बदलाला कुठल्याही ग्रीक हस्तलिखिताचा आधार नाही. जोसेफला तसं प्रकट झालं, एवढंच कारण. ज्या वचनावर आम्ही ख्रिस्ताचं देवपण टेकवतो, तिथेच हा माणूस मध्ये उभा आहे. मला इथेच थांबावंसं वाटलं होतं, पण पुढे गेले ते बरं झालं.

जोसेफ स्मिथचा जन्म १८०५ सालचा, व्हरमॉन्टमधला. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण मॉर्मनचं पुस्तक भाषांतरित केलं असं त्याचं म्हणणं. पुस्तक १८३० च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावी छापलं गेलं आणि ६ एप्रिलला चर्च स्थापन झालं. या पुस्तकातल्या 'दुसरा नेफी' या भागाचा तिसरा अध्याय जरूर वाचा. तिथे मिसरचा योसेफ (इंग्रजीत जोसेफ) भविष्य सांगतो की शेवटच्या काळात एक द्रष्टा उठेल, त्याचं नाव माझंच असेल आणि त्याच्या बापाचंही तेच असेल. जोसेफ स्मिथच्या वडिलांचं नाव जोसेफ स्मिथच होतं. म्हणजे पुस्तक ज्याने जगापुढे आणलं त्याच्याच नावाचं भाकीत त्या पुस्तकात आहे. पुढे बायबलची उजळणी करताना त्याने उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायातही हेच भाकीत घातलं. आपल्या उत्पत्तीत ते कुठेही नाही.

त्यानंतर 'डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स' हा त्यांचा तिसरा धर्मग्रंथ. त्याचा १३५ वा विभाग जोसेफच्या मृत्यूवर आहे. तिसऱ्या वचनात म्हटलंय की एकट्या येशूला सोडलं तर या जगातल्या माणसांच्या तारणासाठी जोसेफने जेवढं केलं तेवढं आजवर दुसऱ्या कुणीही केलं नाही. ते वचन मी बराच वेळ पुन्हा पुन्हा वाचत होते. अब्राहाम नाही, मोशे नाही, पौल नाही, येशूची आई मरीया नाही. येशूच्या खालोखाल थेट जोसेफ. चौथ्या वचनात तुरुंगात जाताना तो म्हणतो की मी वधाला नेल्या जाणाऱ्या कोकरासारखा जातो आहे. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातले हे शब्द आम्ही शुभ शुक्रवारी ऐकतो, आणि ते फक्त येशूसाठी राखलेले आहेत.

त्याचा मृत्यू दुःखदच होता. २७ जून १८४४ ला इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याला आणि त्याचा भाऊ हायरम याला गोळ्या घातल्या. तो सरळ खून होता, त्याचं समर्थन कुणी करू नये. पण त्याच महिन्यात नाव्हू शहराचा महापौर म्हणून त्याने टीका करणाऱ्या वर्तमानपत्राचा छापखाना मोडायला लावला होता, आणि तुरुंगात त्याच्यापाशी पिस्तूल होतं, ते त्याने झाडलंही. कोकराने तोंड उघडलं नाही, असं यशया लिहितो.

संगीताच्या भागात २७ नंबरचं गीत ऐका. डब्ल्यू. डब्ल्यू. फेल्प्सने १८४४ साली लिहिलं, चाल स्कॉटिश, ऐकायला जोशपूर्ण. ते जोसेफचं स्तवन आहे. यहोवाशी बोललेल्या माणसाची स्तुती असो, तो देवांमध्ये वावरत आपल्या बांधवांसाठी योजना करतो आहे, याजकपणाच्या किल्ल्या सदासर्वदा त्याच्याच हाती राहतील, असा त्याचा आशय. आम्ही 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातून नारायण वामन टिळकांची किती पदं गातो! पण टिळकांची स्तुती करणारं पद उपासनेत गायला उभं राहावं, ही कल्पनाच आमच्या कुणाच्या डोक्यात येत नाही.

भाचीच्या मित्राचं म्हणणं तिने मला कळवलं: आम्ही त्याची पूजा करत नाही, प्रार्थना येशूच्याच नावाने करतो, तुम्ही पौलाला मानता तसा आम्ही जोसेफला मानतो. त्याचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे. ते जोसेफपुढे गुडघे टेकत नाहीत हे खरं. पण लुस्त्र गावात लोक प्रेषित पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांना देव समजून त्यांच्यापुढे बळी अर्पायला निघाले तेव्हा त्या दोघांनी कपडे फाडले आणि ओरडत गर्दीत शिरले. करिंथमध्ये नावांवरून तट पडले तेव्हा पौलाने विचारलं, पौल तुमच्यासाठी वधस्तंभावर खिळला गेला का? जोसेफनंतर चर्चचा प्रमुख झालेल्या ब्रिगम यंगने मात्र १८५९ साली जाहीर भाषणात सांगितलं की या युगात जोसेफ स्मिथच्या संमतीशिवाय कुणीही स्त्री-पुरुष देवाच्या सर्वोच्च राज्यात जाणार नाही. याला नुसता आदर म्हणता येत नाही. देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, असं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात आहे, आणि इथे दाराशी दुसरा उभा केला आहे.

बाई म्हणून मला सगळ्यात जास्त टोचला तो १३२ वा विभाग. १८४३ सालचा, अनेक बायका करण्याला मान्यता देणारा. त्याच्या ५४ व्या वचनात देवाच्या तोंडून जोसेफच्या बायकोला, एमाला, आज्ञा आहे की तिने जोसेफला धरून राहावं, नाहीतर तिचा नाश होईल. नवरा संदेष्टा, आणि त्याच्याच लेखणीतून बायकोला देवाची धमकी. याच ॲपमध्ये चर्चचे स्वतःचे निबंध आहेत, ते प्रांजळ आहेत आणि त्याबद्दल मी त्यांचं कौतुक करते. जोसेफशी विवाहविधीने बांधल्या गेलेल्या बायकांत एक मुलगी पंधरा पूर्ण व्हायला काही महिने असलेली होती, काही बायका आधीच विवाहित होत्या, आणि एमाला हे सगळं अतिशय यातनांचं गेलं, हे तिथे स्वच्छ लिहिलंय. मात्र हे निबंध गीतांसारखे सहज समोर येत नाहीत, शोधून काढावे लागतात.

आमच्याकडेही थोर माणसं झाली. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ज्यांनी त्यांना शिकवलं त्या ख्रिस्ती मठातल्या जोगिणींशीही सदसद्विवेकाच्या प्रश्नावर वाद घातला. शारदा सदन त्यांनी १८९० मध्ये पुण्यात आणलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारलं, बायबलचं मराठी भाषांतर स्वतः केलं. त्यांच्याबद्दल आम्हाला अपार आदर आहे. पण रमाबाईंचं नाव माहीत नसलेला माणूसही ख्रिस्तावर विश्वास ठेवून तारला जातो. त्यांच्यात काही उणीव सापडली तरी सुवार्तेचा एक शब्द ढळत नाही. मॉर्मन पंथाचं तसं नाही, आणि हे मी पदरचं सांगत नाही. १९७० साली त्यांचे अध्यक्ष झालेल्या जोसेफ फील्डिंग स्मिथ यांनीच लिहून ठेवलंय की मॉर्मन पंथ जोसेफ स्मिथच्या कथेवरच उभा राहील किंवा कोसळेल. एका माणसावर इतका भार टाकला की त्या माणसाला मोठं करत राहणं भागच पडतं.

ॲप म्हणून चार स्टार. एक कापला, कारण महत्त्वाचे निबंध मागे राहतात आणि मराठी वाचकाची सोय अपुरी आहे. शिकवणीसाठी मी कुणालाही शिफारस करणार नाही. ज्याचा पाया नव्या करारात पक्का झालेला नाही त्याने तर घेऊच नये. घ्यायचंच असेल तर १३५ वा विभाग आणि ख्रिस्ताचं श्रेष्ठत्व सांगणारा कलस्सैकरांस पत्राचा पहिला अध्याय एकाच बैठकीत वाचा, आणि मॉर्मन मित्र असेल तर त्यालाही सोबत घ्या. भाची पुढच्या शनिवारी त्या मुलाला माझ्याकडे जेवायला आणते आहे. चहाऐवजी कोकम सरबत करणार आहे, आणि दोन्ही पानं उघडून ठेवणार आहे.