हरल्यावर जुळवायचं की ताणायचं?
पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत हरल्यावर काय करावं, असं मित्रानं विचारलं. अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे दोन नेते बघा.

किंमत: २००८ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी जूनमध्येच उमेदवारी जिंकलेल्या ओबामांना पाठिंबा दिला, पक्षाच्या अधिवेशनात त्यांच्या एकमुखी निवडीचा प्रस्तावही स्वतःच मांडला. चिडलेल्या समर्थकांची समजूत घालावी लागली, ती वेगळीच. १९८० मध्ये एडवर्ड केनेडी तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर यांच्याविरुद्ध ऑगस्टच्या अधिवेशनापर्यंत लढले. भाषण गाजलं, पण व्यासपीठावर कार्टरांसोबत हात उंचावले नाहीत. नोव्हेंबरात अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कार्टर हरले. अर्थात महागाई आणि इराणमधले अमेरिकन ओलीसही होतेच.

टिकाऊपणा: क्लिंटन परराष्ट्रमंत्री झाल्या, २०१६ ला उमेदवारही. केनेडी पुन्हा अध्यक्षपदासाठी उभे राहिले नाहीत. सिनेटमध्ये मात्र २००९ पर्यंत, मृत्यूपर्यंत.

पुन्हा रिंगणात उतरायचं असेल तर क्लिंटन यांची वाट धरा. स्वतःची जागा पक्की आणि भूमिका जास्त प्यारी असेल, तर केनेडींची.