फेअरबँक्सचा ‘रॉबिन हूड’ (१९२२): बघा, पण प्रत पारखून

या मूकपटात खुद्द रॉबिन हूड भेटायला तासभर तरी थांबावं लागतं. तोवर डग्लस फेअरबँक्स पडद्यावर असतो तो हंटिंग्डनचा उमराव म्हणून, पुढे हाच रॉबिन होतो: राजा रिचर्डचा लाडका, भाल्यांच्या लढतीत वाघ आणि बायकांसमोर शेळी. शेरवुडचं जंगल आणि हिरव्या कपड्यांतली टोळी बघायला बसलेला माणूस पहिल्या अर्ध्या तासात घड्याळाकडे बघू लागतो. दिग्दर्शक ॲलन ड्वान यांनी पूर्वार्ध खरोखरच ताणलाय. धर्मयुद्धाला निघालेलं सैन्य किती वेळ निघतंच आहे!

तरी हा भाग गाळू नका. घोड्यावरून भाल्यांनी लढायच्या स्पर्धेत उमरावाचा वैरी सर गाय ऑफ गिझबर्न खोगिराला स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेतो, म्हणजे भाल्याचा दणका बसला तरी पडायला नको. शत्रू कसा आहे हे पडद्यावरची मजकुराची एकही पाटी न वाचता कळतं. पुढचं सगळं वैर तिथूनच सुरू होतं.

पूर्वार्धाचा खरा नायक मात्र किल्ला आहे. कलादिग्दर्शक विल्फ्रेड बकलंड यांच्या देखरेखीखाली तो हॉलिवूडमध्ये, पिकफर्ड-फेअरबँक्स स्टुडिओच्या आवारात उभारला. उंची सुमारे ९० फूट; त्यावरचा भाग काचेवर रंगवून कॅमेऱ्यातच जोडलेला. दरबाराच्या दृश्यात माणसं मुंग्यांएवढी दिसतात. फेअरबँक्स हा सेट बघून बिचकला होता, एवढ्या भिंतींपुढे आपण दिसणार कसे म्हणून. ड्वाननी तोडगा काढला तो उत्तरार्धात दिसतो: पाठलागात सापडलेला रॉबिन सज्ज्यावरून उडी मारतो, छतापासून लोंबणारा अजस्र पडदा धरतो आणि सरसर खाली येतो. कापडाला धरून इतकं गुळगुळीत कोणी घसरत नाही. पडद्याच्या घडीत मुलांच्या बागेतली असते तशी घसरगुंडी लपवलेली होती. हे माहीत असूनही दृश्य फसवतं. शरीराची ठेवण बघा: पाय पुढे, पाठ मागे टेकलेली, हात मोकळे. गुपित तिथे दिसतं.

उत्तरार्धात फेअरबँक्स चालत नाही, बागडतो. त्याच्या मागे अख्खी टोळी टुणटुण उड्या मारते. काहींना हे पोरकट वाटेल. आम्हाला पहिल्या तासाचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. लिटल जॉन झालेला ॲलन हेल हीच भूमिका पुढे १९३८ आणि १९५० मध्येही करतो. वॉलेस बीरीचा रिचर्ड हाडं चोखत, गडगडाटी हसत प्रत्येक दृश्य खाऊन टाकतो. त्याच्यापुढे एनिड बेनेटच्या मेरियनला, म्हणजे रॉबिनच्या प्रेयसीला, करायला फारसं काही ठेवलेलंच नाही.

आता मुद्द्याचं: प्रत. चित्रपटाचा प्रताधिकार केव्हाच संपलाय, त्यामुळे फुकटच्या प्रती ढिगाने मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच भिकार असतात. आधी लांबी बघा. पूर्ण प्रत दोन तासांच्या वर जाते. दीड तासाची असेल तर कापलेली किंवा पळवलेली. पळवलेली म्हणजे काय? ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी (सुटी चित्रं) असतात, म्हणजे हजार फुटांच्या रिळात १६,०००. सेकंदाला २० ने चालवलं तर रीळ १३ मिनिटं २० सेकंद टिकतं, २४ ने चालवलं तर ११ मिनिटांत संपतं. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत आणि वेग विसाच्या आसपास राही. बोलपटांच्या २४ च्या मापाने चढवलेल्या प्रतीत माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी तुरुतुरु धावतात. अशीच प्रत हाती असेल तर व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये वेग ०.८५ ते ०.९ करा. संगीत रेंगाळेल, ते बंद करा. बहुतेक फुकट प्रतींवर कुठल्याही जुन्या वाद्यवृंदाच्या तबकड्या चिकटवलेल्या असतात, युद्धाला नाचाचा वाल्ट्झ आणि मरणाला लष्करी मार्च. तेव्हा मूकपट मुक्याने कोणी बघत नसे; आपल्याकडेही पडद्याखाली पेटी-तबला असायचाच.

दुसरी खूण रंगाची. रात्रीची दृश्यं भर उन्हात टिपून फिल्म निळ्या रंगात बुडवायची पद्धत होती. निव्वळ काळ्या-पांढऱ्या प्रतीत हा निळा गेलेला असतो, आणि पहारेकऱ्यांना समोरचा माणूस दिसत का नाही असा प्रश्न पडतो. तिसरी खूण पाट्यांची: अक्षरं कडेला कापली जात असतील तर चित्राच्याही कडा गेल्यात, आणि या चित्रपटात कडा गेल्या म्हणजे किल्लाच गेला. मोबाइलवर बघणं त्याच कारणाने वाया. टीव्हीवर लावताना ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा, नाहीतर तलवारींभोवती धूसर कडी उमटतात.

मराठी प्रेक्षकाला आणखी एक कारण आहे. आपल्या मास्टर विठ्ठलना ‘भारताचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणत. ‘आलम आरा’च्या (१९३१) आधी ते मूक स्टंटपटांचे राजे होते. ती उपमा नेमकी कशावरून आली हे शेरवुडमधल्या दहा मिनिटांत कळतं.

मुलांना दाखवायचा असेल तर भाल्यांची स्पर्धा दाखवून थेट जंगलात या, आणि पाट्या मोठ्याने मराठीत सांगत चला. बऱ्याचशा जुन्या वळणाच्या इंग्रजीत आहेत. मोठ्यांचीही दोन-चार ठिकाणी अडखळ होते.