निहिलाख ऑक्साइड: पुतळ्यावरचा हिरवा, अलिबागच्या हवेत

मिनिएचरला, म्हणजे रंगवायच्या छोट्या मूर्तीला, जुन्या ब्राँझच्या पुतळ्याचं रूप द्यायचं असेल, तर सिटाडेल या ब्रँडच्या निहिलाख ऑक्साइड रंगाची बाटली घ्याच. एवढ्याशा बाटलीचे पैसे जास्त वाटतात, पण ती संपता संपत नाही. रंग पातळ, निळसर हिरवा. ब्रशने सोडला की आपसूक खाचांत उतरतो आणि वाळल्यावर खडूसारखा कोरडा दिसतो. शेजारी मेटॅलिक रंगाची चमक असली की आत रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ आहे हे डोळा विसरतो.

कान्होजी आंग्र्यांच्या 75 मिमीच्या मूर्तीवर मी तो वापरला. खाली काळा प्रायमर, त्यावर ब्राँझ, मग सेपिया वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ तपकिरी रंग, आणि उंचवट्यांवर पितळी रंगाचा हलका ड्राय ब्रश, म्हणजे जवळपास कोरड्या ब्रशचा हात. एवढी तयारी झाली तरच वरचा हिरवा शोभतो. नुसत्या सोनेरी रंगावर तो उपरा दिसतो.

पण सगळी कसोटी हिरवा कुठे लावायचा, यात आहे. नेटवर दिसणाऱ्या कितीतरी मूर्तींच्या सगळ्या खाचा सारख्याच भरलेल्या असतात. खऱ्या धातूवर तसं होत नाही. देवळातली जुनी समई बघा. रोज हात लागतो तो दांडा झळझळीत, तेल साचतं तिथे काळपट, आणि तबकाच्या खालच्या कडेला, जिथे घासणाऱ्याचं आमसूल पोचत नाही, तिथे हिरवं. उघड्यावरच्या पुतळ्याचंही तसंच. पाणी जिथे थांबतं आणि जिथून ओघळतं, तिथे हिरवं धरतं. म्हणून शेल्याच्या घड्यांत, कमरबंदाखाली आणि तलवारीच्या मुठीखाली मी रंग सोडला. मुठीपासून अंगरख्यावर एक बारीक ओघळ ओढला, खाली जाताना फिकट होत गेलेला. नाक, खांदे, गुडघे इथला रंग ओला असतानाच ओलसर ब्रशने टिपून घेतला. त्या एका ओघळाने मूर्तीला वय आलं. अख्ख्या अंगाला हिरवं फासून ते आलं नसतं.

छटेबद्दल माझं मत असं की आपल्या किनाऱ्यासाठी ती थोडी निळी आहे. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत तांब्यावर क्लोराइडचा थर बसतो आणि तो हिरव्याकडे झुकतो. मी बाटलीतल्या रंगात चिमूटभर गडद हिरवा मिसळते, आणि ओघळाच्या अगदी कडेला पाण्यासारखा पातळ पांढरट. ज्यांना स्टॅच्यू ऑफ लिबर्टीसारखा रंग हवा आहे, त्यांनी आहे तसाच वापरावा, सुरेख दिसतो.

तोफा रंगवणाऱ्यांना कळकळीने सांगते, आधी तोफ कशाची आहे ते बघा. आमच्या कुलाबा किल्ल्यात गाड्यावर चढवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत, यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव असलेल्या. ओहोटीला चालत जाऊन बघता येतात. ते लोखंड. लोखंड तांबूस होतं, तपकिरी होतं, त्याचे पापुद्रे सुटतात, पण हिरवं कधीच होत नाही. निहिलाख फक्त तांबं असलेल्या धातूला: ब्राँझ, पितळ, पंचधातू. लोखंडी तोफेसाठी तपकिरी आणि जळक्या नारिंगी छटा वेगळ्या घ्या.

पावसाळ्यात हा रंग आपल्याकडे उशिरा वाळतो. बाहेरच्या व्हिडिओंत सांगितलेल्या वेळा इथे लागू पडत नाहीत. मला हे उलट बरं वाटतं, टिपायला सवड मिळते. स्प्रेचं मात्र नाव काढू नका. दमट हवेत वार्निश पांढुरकं धरतं, म्हणून जून ते सप्टेंबर मी प्रायमर आणि वार्निश दोन्ही ब्रशनेच लावते. वार्निशही धातूच्या भागावर सॅटिन, म्हणजे मंद चमकेचं. बिनचमकीचं मॅट सगळीकडे फिरवलं की चमक मरते, आणि चमक मेली की हिरव्याला शेजार उरत नाही.

वापरण्याआधी बाटली भरपूर हलवा, रंगद्रव्य तळाला बसतं. झाकणाच्या कडेला वाळलेला रंग दर वेळी पुसून काढा, नाहीतर झाकण नीट बसत नाही आणि आतला रंग घट्ट होत जातो. गंजाच्या परिणामांचे मोठे संच विकायला असतात. ब्राँझचे पुतळेच करायचे असतील तर तो खर्च नको, ही एक बाटली, सेपिया वॉश आणि बरा पितळी रंग एवढ्यावर काम होतं.